पायदळाच्या बाजूने

मुलगी अकरावीत गेली त्या वर्षी तिला घोड्यांचं वेड लागलं. ते कुठून लागलं हे मला आजही सांगता येणार नाही. माझं माहेर रत्नागिरीकडचं, सासर रायगडातलं; दोन्हीकडे बैलाच्या पुढे कुणाची मजल गेलेली नाही. नवरा अंधेरीला नोकरीला, मी भाईंदर पूर्वेला एका मराठी शाळेत इतिहास शिकवते, आणि आम्ही जेसल पार्कला सातव्या मजल्यावर राहतो. खिडकीतून खाडी दिसते, मिठागरं दिसतात. घोडा दिसायचं काही कारण नाही.

घरात घोड्यांशी संबंध असलाच तर तो माझा होता, आणि तोही फळ्यावरचा. पायदळ म्हणजे पांढऱ्या खडूने ओढलेली जाड रेघ. घोडदळ म्हणजे लाल खडूचा बाण. बाण रेघेच्या टोकाला वळसा घालून मागे जायचा, मी तिथे एक फुली मारायचे आणि म्हणायचे, "झालं. लढाई इथे संपली." वीसेक वर्षं मी हे शिकवत आलेय आणि बरं शिकवते असं मुलं म्हणतात. पुस्तकात नसलेलंही सांगते. माणसाने घोडा आधी रथाला जुंपला, त्याच्या पाठीवर बसून लढायला तो बऱ्याच उशिरा धजावला. बसला तरी रिकीब, म्हणजे पाय ठेवायची कडी, नव्हती. नुसत्या मांड्यांनी घोडा आवळून धरायचा आणि तसाच भाला चालवायचा. झेलमच्या काठी ग्रीकांचं घोडदळ असंच बिनरिकिबीचं लढलं. पुढे रिकीब आली, स्वाराला पाय रोवता यायला लागले आणि भाल्यामागे घोड्याचं सगळं वजन आलं. मग आपले मराठी स्वार. अंगावर जड चिलखत नाही, मागे तंबू-तोफांचा पसारा नाही, बरोबर असेल ती भाकरी. शत्रूची रसद मारायची आणि तो तोंड वळवेपर्यंत दिसेनासं व्हायचं. स्वतःचा घोडा असला तो शिलेदार, पागेतला मिळाला तो बारगीर. हे सगळं मला पाठ होतं. यात भिण्यासारखं काही आहे असं कधी वाटलं नव्हतं.

मुलीच्या कपड्यांना वास यायला लागला तेव्हा मला पहिल्यांदा शंका आली. रविवारी क्लासला जायची आणि घरी आली की थेट बाथरूममध्ये शिरायची. विचारलं तेव्हा तिने काही लपवलं नाही. मीरा रोडला पेणकरपाड्यात लग्नाच्या वरातीला घोड्या देणाऱ्या एका माणसाचा तबेला आहे. क्लास सुटला की ती शेअर रिक्षाने तिथे जाते, घोड्यांना खरारा करते, आणि त्याबदल्यात चाचा तिला बसायला शिकवतात. चाचा म्हणजे तबेल्याचा मालक. कधीपासून, असं विचारलं तर म्हणाली, पावसाळा संपल्यापासून.

पुढच्या रविवारी मी तिच्याबरोबर गेले. जुन्या पाड्यातली थोडी घरं अजून टिकून आहेत आणि त्यांच्या चारी बाजूंनी टॉवर उभे राहिलेत. एका सोसायटीच्या कंपाउंडच्या भिंतीला टेकून पत्र्याची शेड होती. बाहेर लख्ख ऊन, आत अंधार. डोळे सरावायच्या आधीच कुणीतरी फुरफुरलं आणि माझ्या गालाला गरम वाफ लागली. मी मागे सरले ती भिंतीला आपटेपर्यंत. एवढं मोठं जनावर हाताच्या अंतरावर होतं आणि मला ते दिसलं नव्हतं, याचीच जास्त भीती वाटली. पांढरी घोडी होती. तिने पाय बदलला, लादीवर नाल वाजला, आणि तो आवाज माझ्या तळव्यांना जाणवला. मुलगी तिच्या मानेखालून सहज वाकून पलीकडे गेली, जशी घरात दोरीवरच्या कपड्यांखालून जाते.

चाचा पन्नाशीचे असतील. बापापासून हाच धंदा, असं म्हणाले. माझा चेहरा बघून हसले नाहीत, एवढं मला बरं वाटलं. "मॅडम, डरने का कुछ नहीं," ते म्हणाले, "बॅन्डवाली घोडी है. ढोल पे नाचती है." ही कधी उधळली नाही का, असं मी विचारलं. "ये? कभी नहीं." त्यांनी 'ये' वर जोर दिला. बाकीच्यांचं काय, हे विचारायचं मला सुचलं नाही.

मग शेडमागच्या मोकळ्या प्लॉटवर मुलीने मला घोडी पळवून दाखवली. मी कडेला उभी होते. पलीकडच्या टोकाला वळून ती माझ्याकडे यायला लागली. आधी नुसती लहानशी आकृती, मग आवाज, मग पायाखालची जमीन. घोडी माझ्या अंगावर येत नव्हती, बऱ्याच बाजूने जाणार होती, हे डोळ्यांना दिसत होतं. पण पोटाला ते पटत नव्हतं. मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा मुलगी लगाम खेचून थांबली होती आणि तिचे गाल लाल झाले होते. "कशी वाटली?" तिने विचारलं. मी छान म्हणाले. परत येताना रिक्षात मी पर्स मांडीवर दाबून धरली होती.

त्यानंतर वर्गात लाल खडू हातात घेतला की मला थोडं थांबावं लागायचं. त्याच महिन्यात नववीच्या वर्गात एका मुलीने हात वर केला. "बाई, घोडे अंगावर आले की पायदळातली माणसं काय करायची?"

इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं आणि मीही कधी रेघेच्या बाजूने विचार केला नव्हता. जे वाचलं होतं ते सांगितलं. घोडा आपणहून भिंतीवर जाऊन आपटत नाही. माणसं खांद्याला खांदा लावून, भाले पुढे करून उभी राहिली, तर बहुतेक वेळा घोडा अडतो नाहीतर वळतो. म्हणून घोडदळाचं पहिलं हत्यार तलवार नव्हे, भीती. घोडे धावत येतात ते समोरच्याचा धीर सुटावा म्हणून. एक जण पळतो, मग दुसरा पळतो, रांगेला भगदाड पडतं आणि घोडे तिथून आत शिरतात. पायदळ मारलं जातं ते पळताना. मग मी दुसरंही सांगितलं. रथ किंवा पिसाळलेले हत्ती अंगावर आले की काही सैन्यं आपल्या रांगेत मुद्दाम वाट मोकळी करून द्यायची. जनावर मोकळ्या वाटेने निघून जायचं.

"म्हणजे उभं राहायचं की बाजूला व्हायचं?" तिने विचारलं.

ते प्रसंगावर अवलंबून, असं मी म्हणाले. ते उत्तर तिला पुरलं नाही, हे तिच्या तोंडावर दिसत होतं. मलाही पुरलं नव्हतं.

जानेवारी संपता संपता आमच्याकडच्या एका मंडळाने महाराजांच्या जयंतीची मिरवणूक काढायचं ठरवलं. पुढे ढोल-ताशा, मागे आमच्या शाळेच्या मुलींचं लेझीम, त्यामागे घोड्यावर तीन मुली आणि शेवटी चित्ररथ. घोडे चाचांचे. तीन मुलींपैकी एक आमची. तिने हे जेवताना सांगितलं आणि वडिलांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं नाही. मी नको म्हणाले. वर्षभर मुलांना स्वारांच्या गोष्टी सांगतेस आणि घरातली मुलगी घोड्यावर बसली तर नको, हे कसं, असं नवऱ्याने विचारलं. तो चिडवत नव्हता, त्याला खरंच कळत नव्हतं. मला त्याला सांगता आलं नाही की गोष्टींमधले स्वार कुणाची मुलं होते हे मला त्या प्लॉटवर उभं राहीपर्यंत जाणवलंच नव्हतं.

शेवटी मी हेल्मेटवर अडून बसले. मंडळाचं म्हणणं, नऊवारी आणि फेटा. मुलगी म्हणाली, हेल्मेट घातलेली मावळ्याची पोर कुणी पाहिली आहे का, सगळे हसतील. दोन दिवस घरात कुणी कुणाशी धड बोललं नाही. मग नवऱ्यानेच तिचं जुनं सायकलचं हेल्मेट माळ्यावरून काढलं आणि त्याच्यावरून फेटा बांधून पाहिला. डोकं जरा मोठं दिसत होतं, पण फेटा चांगला बसला. मुलीने आरशात बघितलं आणि मान डोलावली.

मिरवणूक उन्हं कलल्यावर निघाली. मी लेझीमच्या मुलींबरोबर होते. बाकीच्या शिक्षिका पुढे चालत होत्या. मी मुद्दाम सगळ्यात मागे राहिले, म्हणजे पुढे शाळेच्या मुली आणि मागे घोडे. मागे वळून बघितलं की मुलगी दिसेल, असा माझा हिशेब होता. पहिल्यांदा वळले आणि थबकले. तिच्याखाली पांढरी घोडी नव्हती. तपकिरी, अंगाने लहान, कान सारखे मागेपुढे करणारी दुसरीच कुठली तरी घोडी होती. मी जवळ गेले. चाचा लगाम धरून चालत होते. पांढरीला वसईला लग्नाची ऑर्डर लागली, ही पण बॅन्डवालीच आहे, असं त्यांनी सांगितलं. मुलगी वाकून हळूच म्हणाली, "आई, हिच्यावर पण बसलेय मी. प्लीज, इथे नको काही."

तिथे मी काही केलं नाही. आजूबाजूला सगळी सोसायटी उभी होती, बाल्कन्यांतून लोक फोनवर शूटिंग करत होते, आणि मुलगी ताठ बसलेली इतकी सुंदर दिसत होती. मी पुन्हा माझ्या जागी आले. पण मग माझे कान मागेच राहिले. ढोल वाजत होते, लेझमा छणछणत होत्या, आणि त्या सगळ्यातून मला फक्त नाल ऐकू येत होते. ते सारख्या लयीत पडत नव्हते. मध्येच दोन झटपट पडायचे, मग थांबायचे, मग घासल्यासारखे यायचे. घोडी चालत नव्हती, जागच्या जागी नाचत होती. आणि तो नाच ढोलावरचा नव्हता.

मुख्य रस्त्यावरून मिरवणूक आतल्या गल्लीत वळली. गल्ली अरुंद, एका बाजूला दुकानं, दुसऱ्या बाजूला ओळीने लावलेल्या मोटारसायकली आणि त्यांच्यामागे कंपाउंडची भिंत. इथे वळायला नको होतं, असं मला वाटलं. लोक पुढे होते, मागे होते, आणि घोड्याला कुठेही जायला जागा नव्हती. चित्ररथावरच्या पोरांनी तेवढ्यात रंगीत कागद उडवायची ती गॅसची नळकांडी लावली. पेपर ब्लास्ट म्हणतात त्याला. त्यांनी ती घोड्यांच्या मागेच, वरच्या दिशेने फोडली. गल्लीत दोन्ही बाजूंना भिंती असल्यामुळे आवाज तोफेसारखा झाला. वरून लाल-पिवळे कागद पडायला लागले, बाल्कनीतून कुणीतरी टाळ्या वाजवल्या, आणि मी वळले.

बाकीच्या दोघींचे घोडे त्यांच्या माणसांनी कसेबसे धरून ठेवले होते, पण चाचा रस्त्यावर पडले होते. लगाम त्यांच्या हातात नव्हता. तपकिरी घोडी मागच्या पायांवर उठली होती आणि मुलगी तिच्या मानेला बिलगली होती. मग घोडी खाली आली आणि सरळ आमच्या दिशेने सुटली.

पुढच्या काही क्षणांचं मला नीट सांगता येत नाही, पण जे आठवतं ते स्वच्छ आठवतं. लेझीमच्या मुली किंचाळल्या आणि पुढे पळायला लागल्या. पुढे ढोलवाले होते, त्यांना मागे काय झालंय याचा पत्ताच नव्हता. मुली त्यांच्यावर जाऊन आदळणार, पडणार, आणि मग मागून टापा येणार, हे मला दिसलं. मी ओरडले, "पळू नका. दुकानाकडे. एकमेकींना धरा." माझा आवाज रोजच्या वर्गातला होता, आणि बहुधा म्हणूनच त्यांनी ऐकला. मुली दुकानांच्या शटरला चिकटल्या, एकमेकींचे दंड धरून, घट्ट, एकाच अंगासारख्या. लेझमा खाली पडल्या. मोटारसायकलींच्या बाजूला गल्लीचा अर्धा भाग मोकळा झाला. घोडीला जायला वाट झाली.

त्या वाटेत मी उभी होते.

मला बाजूला व्हायला वेळ होता. एक पाऊल टाकायचं होतं, फार तर दोन. पण पाय माझे नव्हतेच. कमरेखाली सगळं थंड आणि जड झालं होतं. घोडी मोठी होत होती. मला तिच्या नाकपुड्यांचं आतलं लाल दिसत होतं, डोळ्यांचं पांढरं दिसत होतं, आणि तिच्या कानांच्या मधून माझ्या मुलीचा चेहरा दिसत होता. ती तोंड उघडून काहीतरी ओरडत होती, ते ऐकू येत नव्हतं. समोरून जे येत होतं त्याला मी जन्म दिला होता आणि ते मला चिरडणार होतं. दोन्ही भीती एकदम आल्या, की हिचं काय होईल आणि माझं काय होईल, आणि त्यातली कुठली पुढे होती हे मी आजही प्रामाणिकपणे सांगू शकत नाही.

अगदी शेवटी घोडीने मान फिरवली. माझ्या आणि मोटारसायकलींच्या मधून ती गेली. तिचा खांदा माझ्या खांद्याला घासला आणि मी गोल फिरून खाली बसले. पुढे गटाराचं लोखंडी झाकण होतं. त्यावर तिचे नाल घसरले. आधी पुढचे पाय गेले, मग ती एका कुशीवर पडली. चार-पाच मोटारसायकली एकामागून एक आडव्या झाल्या आणि मुलगी त्यांच्यावर फेकली गेली. ढोल तोपर्यंत थांबले नव्हते. त्यांना थांबायला आणखी थोडा वेळ लागला, आणि तेवढा वेळ मिरवणूक चालूच होती.

मी तिच्याकडे कशी पोचले ते आठवत नाही. ती शुद्धीवर होती. फेटा सुटून गळ्यात आला होता आणि आतल्या हेल्मेटला कपाळापासून कानापर्यंत तडा गेला होता. तो तडा पाहिल्यावर मला उलटी झाली, तिथेच, सगळ्यांसमोर. घोडी उठून उभी राहिली होती. तिच्या गुडघ्यांवरचं कातडं गेलं होतं, ती तीन पायांवर उभी होती आणि अंगभर थरथरत होती. आता तिच्याकडे कुणी बघत नव्हतं.

दवाखान्यात फोटो काढले. गळ्याजवळचं हासळीचं हाड मोडलं होतं, डाव्या हाताला मुका मार होता, डोक्याला काही नव्हतं. डॉक्टर हेल्मेटबद्दल बोलले तेव्हा नवरा उठून बाहेर गेला. लेझीमच्या मुलींपैकी एकीचं कोपर खरचटलं होतं, बस. चाचांच्या मनगटाला मार लागला होता. ते दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या दाराशी येऊन उभे राहिले. आत या म्हटलं तरी येईनात. नवऱ्याने त्यांना खूप ऐकवलं. ते मान खाली घालून ऐकत राहिले आणि म्हणाले, "सब सही बोल रहे हो आप."  मग नवऱ्याने त्यांना पाण्याची बाटली दिली.

त्या संध्याकाळी मुलीला गोळ्यांची गुंगी होती. आम्ही दोघीच होतो. ती डोळे मिटून पडली होती. मला वाटलं झोपली. मग ती म्हणाली, "आई, तू हलत का नव्हतीस?"

मी तिची चादर सारखी केली.

"मी ओरडत होते, बाजूला हो. मी लगाम ओढत होते, दोन्ही हातांनी. ती थांबतच नव्हती. मला वाटलं, मी आईला मारतेय. पडायची भीती मला वाटलीच नाही. मला तीच भीती वाटत होती."

"पाय उचलले नाहीत माझे," मी म्हणाले.

तिने डोळे उघडून माझ्याकडे बघितलं आणि मग उजव्या हाताने माझा हात शोधला. 

सोसायटीच्या ग्रुपवर मात्र वेगळीच गोष्ट फिरत होती. बाल्कनीतून कुणीतरी काढलेला व्हिडिओ होता. त्यात मी मुलींना बाजूला करते आणि मग स्वतः हात पसरून घोडीच्या वाटेत उभी राहते, असं दिसतं. हात मी पसरले असतील, तोल जात असेल. लोकांनी मला वाघीण म्हटलं, ढाल म्हटलं. शाळेत प्रार्थनेच्या वेळी टाळ्या झाल्या. मी मुख्याध्यापिकांना सांगितलं की बाई, मी घाबरून थिजले होते. त्यांनी ते विनयाचं बोलणं समजून माझ्या पाठीवर थाप मारली. दोघा-तिघांना सांगून पाहिल्यावर मी सोडून दिलं. पण तेव्हापासून एक विचार माझ्या डोक्यातून जात नाही. घोडदळासमोर अभेद्य उभं राहिलेलं पायदळ म्हणून जे पुस्तकांत लिहिलेलं असतं, त्यातले किती जण शौर्याने उभे होते आणि किती जणांना हलताच आलं नव्हतं? आणि समोरून येणाऱ्या स्वारांपैकी किती जण दोन्ही हातांनी लगाम ओढत होते? बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. ज्यांना फरक माहीत होता ते लिहायला उरले नाहीत, किंवा उरले तरी त्यांना कुणी विचारलं नाही.

उन्हाळ्यात मुलीच्या मोडलेल्या हाडासाठी बांधलेला पट्टा सुटला. पहिल्याच रविवारी ती म्हणाली, पेणकरपाड्याला जायचंय. नवरा नाही म्हणाला. मीही नाही म्हणणार होते. पण ती म्हणाली, "नुसतं घोडीला बघायचंय, ती कशी आहे ते." गेले दोन-तीन महिने मलाही खिडकीखाली कुणाच्या बाईकचा सायलेन्सर फुटला की ती तीन पायांवर थरथरत उभी असलेली दिसायची.

घोडी बरी झाली होती. गुडघ्यांवर केस आले नव्हते, तिथे काळं, गुळगुळीत कातडं होतं. चाचा म्हणाले, हिला आता वरातीला नेत नाही, बॅन्डचा आवाज आला की घामाने भिजते. आम्ही उभ्या होतो तेवढ्यात वरच्या कुठल्या तरी घरात कुकरची शिट्टी झाली. घोडीचे कान ताठ झाले आणि मानेपासून पाठीपर्यंत कातडीखालून एक शिरशिरी गेली. माझ्याही अंगावर तशीच आली. मुलगी तिच्या मानेवर हात ठेवून हळू आवाजात काहीतरी बोलत राहिली, बराच वेळ.

त्यानंतर ती जात राहिली. नव्या हेल्मेटसह, खऱ्या, घोडेस्वारीच्या. मी दर वेळी बरोबर जाते. माझी भीती कमी झालेली नाही. मी ती घेऊन जाते आणि घेऊन येते. गेल्या महिन्यात मुलगी पहिल्यांदा त्याच तपकिरी घोडीवर बसली. चाचा आधी दोरी धरून चालले, मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी होही म्हणाले नाही, नाहीही म्हणाले नाही. त्यांनी दोरी सोडली. घोडी सावकाश चालत शेडच्या कोपऱ्याला वळून पाड्याच्या जुन्या घरांमागे गेली आणि दोघी दिसेनाशा झाल्या. मी टापा ऐकत उभी राहिले. एक, दोन, तीन, चार, अशा सारख्या, संथ. मग त्या एकदम थांबल्या.

मी पळत कोपरा ओलांडला. एका घराच्या ओट्यावरून एक म्हातारी खाली उतरली होती आणि तिने हातातली चपाती लांबूनच घोडीपुढे धरली होती. घोडी मान लांब करून हुंगत होती, घ्यावी की न घ्यावी अशी. मुलगी लगाम सैल सोडून वाट बघत होती.

"चावत न्हाय ना गो ही?" म्हातारीने विचारलं.

"नाही आजी," मुलगी म्हणाली. "तीच घाबरते. जरा थांबा, घेईल."

आम्ही तिघी थांबलो.